यूट्यूबवर बघून विणकाम शिकतेय. सुरुवातीला काय माहीत असायला हवं?

तुम्ही विचारलंय की विणकामातल्या कोणत्या गोष्टी आधीच कुणी सांगायला हव्या होत्या, आणि पहिल्यांदा मफलर घेऊ का. पुढे लिहिलंय की शेजारच्या काकू म्हणतात, "चुकलं तरी विणत जा, धुतल्यावर बसतं." या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. सुलट-उलट आणि टाके घालणं तुम्हाला येतच असेल, ते सोडते.

धुतल्यावर काही बसत नाही. निदान आपल्याकडे नाही. परतवाड्याच्या काय, अमरावतीच्या दुकानातही आम्ही 'लोकर' म्हणून घेतो ती बहुतेक अॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असते. खात्री करायची तर वीतभर धागा चिमट्यात धरून जाळा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख बोटात चुरते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते. मेंढीची लोकर भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की आकार धरते. अॅक्रिलिक जसं सुईवरून उतरलं तसंच राहतं.

हे माझ्या मोठ्या जाऊबाईंना आजही मान्य नाही. नणंदेचं लग्न झालं त्या वर्षी जावईबापूंना दिवाळीला स्वेटर द्यायचं ठरलं. विदर्भात स्वेटर कशाला, असं पुण्या-मुंबईची माणसं विचारतात. शेतीची लाइन (वीज) रात्रीची असली की गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री ओल्या वाफ्यात उभा असतो, त्याला विचारा म्हणावं. तर जाऊबाईंनी टाके घातले. मी म्हटलं, आधी नमुना विणा, म्हणजे छोटा चौकोन विणून टाके मोजा. म्हणाल्या, "मले डोयानं समजते वं, नमुना शिकणाऱ्यानं करावं."

डोळ्यानं समजत नाही, हिशोबानं समजतं. 4 इंचात 22 टाके बसतात असं धरून 40 इंच छातीला 220 टाके घातले, आणि हात सैल असल्यामुळे प्रत्यक्षात 20 च बसले, तर स्वेटर 44 इंचांचा होतो. दोन टाक्यांत चार इंच! झालंही तसंच. पाठ झाल्यावर मी टेप लावून दाखवलं. त्यांचं उत्तर तुमच्या काकूंचंच. "धुतल्यावर बसते. अन् नवं काम उसवणं चांगलं नसते."

मग धुतलं. ओला स्वेटर तारेवर टांगला, त्यानं बाह्या आणखी लोंबल्या. मग 'बसवायला' गरम इस्त्री फिरवली. अॅक्रिलिकवर इस्त्री फिरली की धाग्यातला जीव जातो, बॉर्डरची लवचीकता गेली ती परत येत नाही. जावईबापू सज्जन माणूस, बाह्या दुमडून घालायचे. पुढच्या पोळ्याला नणंदच तो पिशवीत घालून घेऊन आली आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "वहिनी, उसव."

मी ओसरीत बसून उसवला, जाऊबाईंच्या समोर. उसवलेली लोकर कुरळी निघते, तिचा लगेच गोळा करू नका. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि खाली हलकं वजन लटकवून वाळवा. अॅक्रिलिकचे वळसे पूर्ण जात नाहीत, पण विणण्याइतके सरळ होतात. इस्त्रीनं मेलेली बॉर्डरची लोकर फेकली. त्याच शेडचा नवा गोळा आणता आला असता, पण लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) वेगळा असला की रंगात फरक पडतो आणि तो उन्हात चांगलाच दिसतो. म्हणून बॉर्डर, कफ, गळा सरळ काळ्या लोकरीत केले. तुम्ही मात्र लागतील ते सगळे गोळे एकदमच घ्या, लेबलवरचा लॉट नंबर जुळवून, एक गोळा जास्तीचा. दुकानदार कुरकुरला तरी.

तो स्वेटर जावईबापू अजून पाण्यावर जाताना घालतात. जाऊबाई म्हणतात, काळ्या बॉर्डरनं शोभा गेली.

तर पहिल्यांदा शिकायचं ते उसवायला. पाच-सहा ओळी मुद्दाम विणा, सुई काढा, उसवा, टाके परत सुईवर घ्या. एकदा ही भीती गेली की बाकी सगळं येतं. अवघड नक्षीत शिरण्याआधी ओळीच्या सगळ्या टाक्यांतून शिवणाच्या सुईनं वेगळ्या रंगाचा पातळ दोरा ओवून ठेवा. पुढे चुकलं तर तिथपर्यंत बिनधास्त उसवता येतं. टाका गळाला तर घाबरून ओढू नका, क्रोशाच्या सुईनं एकेक पायरी वर आणा. नमुना सहा इंचांचा विणा आणि मधल्या चार इंचांतले टाके मोजा, कडेचे टाके खोटं बोलतात.

यूट्यूबचं एक. अमेरिकन बाई 8 नंबरची सुई म्हणते ती 5 मिलिमीटरची. आपली 8 नंबरची 4 मिलिमीटरची. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते (10 नंबर म्हणजे 3.25), त्यांच्याकडे उलट. मिलिमीटर बघा, नंबर विसरा.

कापूस वेचायला जात असाल तर बोंडांनी फाटलेल्या बोटांत लोकर अडकते. तेल रात्री झोपताना लावा, विणायच्या आधी नको, डाग पडतात.

आता जाऊबाईंच्या बाजूनं एवढंच म्हणेन की खरी मेंढीची लोकर असेल तर धुतल्यावर टाके बऱ्यापैकी एकसारखे होतात. त्यांच्या आईनं त्यांना तशाच लोकरीवर शिकवलं असेल. पण 44 चे 40 इंच तिच्यातही भरवशानं होत नाहीत, आणि गरम पाण्यात घालून आटवायला गेलात तर त्याचा घट्ट, जाड नमदा होईल.

मफलरचं राहिलंच. करा, पण प्रत्येक ओळ सुलट विणा. एक ओळ सुलट, एक उलट असं केलंत तर कडा आत वळून त्याची नळी होईल, आणि काकू म्हणतील, धुतल्यावर बसते.