जुनी खाती पुसण्याआधी

आपला प्रश्न असा आहे की, पंधरा वर्षांपूर्वी इंटरनेटवर लिहिलेले आज वाचताना ते आपण लिहिलेच नाही असे वाटते, तेव्हा ती सगळी खाती एकदाची बंद करून टाकावीत काय. खाती बंद करायला माझी हरकत नाही. मात्र त्याआधी सगळ्याची प्रत उतरवून घ्यावी आणि बाकीची खाती ज्यांच्या आधाराने उघडली, त्या मूळ ईमेलला व मोबाईल क्रमांकाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते लिखाण परके वाटण्याचे कारण, माझ्या अनुभवाप्रमाणे, वयापेक्षा वाचणाऱ्यांमध्ये अधिक आहे. सीताबर्डीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही ऑर्कुट या त्या काळच्या सोशल नेटवर्किंग संकेतस्थळावर बसत असू, तेव्हा टोपणनाव घेणे ही साधी रीत होती. नागपूरकरांच्या कम्युनिटीत तर्री-पोह्यांवरून तावातावाने भांडणारा मी आणि कवितांच्या गटात संकोचून दोन ओळी टाकणारा मी, हे एकमेकांना ओळखत नसले तरी चालत असे. पुढे व्हॉट्सॲप आले आणि मोबाईल क्रमांक हीच ओळख झाली. 2016 मध्ये डेटा स्वस्त झाल्यावर काका, मावशी, कार्यालयातले साहेब आणि शाळेतले मित्र असे सगळेच एका नावाखाली, एका फोटोसमोर येऊन बसले. तेव्हापासून आपण प्रत्येक वाक्य सर्वांना चालेल असे बेतून लिहू लागलो. आपल्याला परका वाटतो आहे तो माणूस मोजक्या लोकांशी मोकळेपणाने बोलत होता, आणि मला तो जपण्याजोगा वाटतो.

प्रत उतरवून घ्या असे मी आग्रहाने म्हणतो, कारण जागा बंद होतात. लोक जिथे स्वतःची वेबपाने बनवत ते याहूचे जिओसिटीज 2009 मध्ये गेले, ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी मिटले, याहू ग्रुप्स 2020 च्या डिसेंबरात संपले. ऑर्कुटवरचे फोटो आणि लिखाण उतरवून घ्यायला सप्टेंबर 2016 पर्यंत मुदत होती. ज्यांनी ती साधली त्यांच्याजवळ ते आजही आहे. मित्रांनी लिहिलेली टेस्टिमोनियल आठवून पाहा. त्या प्रोफाइलवरचा आपला निम्मा परिचय दुसऱ्यांच्या हातचा होता, आणि तो पुन्हा कोणाकडून लिहवून घेता येणार नाही.

मराठी लिखाणाची आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत, रुळण्याआधी आपण कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टंकलेखन करीत होतो. त्या फाइली आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची सरमिसळ दिसते. मजकूर शाबूत असतो, पण त्याची किल्ली फॉन्टच्या नावात असते. म्हणून ते नाव फाइलच्या नावातच लिहून ठेवावे. रूपांतर करणारी साधने आहेत, तरी प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. साधन कच्चे असेल तर ती वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि रफाराचीही तीच गत होते.

क्रमांकाविषयी थोडक्यात सांगतो. बंद केलेला मोबाईल क्रमांक 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि तो आपल्या खात्यांना जोडलेला राहिला असेल तर त्यांचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातात. नोकरीसाठी नागपूर सोडून पुण्याला गेलेल्या मुलांनी जुने सिम टाकून देण्याआधी बँक, आधार आणि ईमेल या तिन्ही ठिकाणी नवा क्रमांक नोंदवावा. गूगलचे खाते दोन वर्षे वापरले नाही तर ते पुसले जाऊ शकते, तेव्हा जुन्या ईमेलमध्ये अधूनमधून लॉग-इन करीत राहावे.

आपण आधी प्रती उतरवाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, काही दिवसांनी शांतपणे वाचाव्यात आणि मगच कोणते खाते ठेवायचे ते ठरवावे. इतरांविषयी घाईत लिहिलेले, कोणाचा पत्ता वा फोटो असलेले मजकूर मात्र आजच काढून टाकावेत. तिथे वाट पाहू नये. आपल्या जुन्या फाइली कोणत्या फॉन्टमध्ये आहेत ते इथे कळवलेत, तर रूपांतर कसे करायचे ते सविस्तर लिहीन.