वायतुरा कासवर एवढा दिसतो, मग तो संकटग्रस्त कसा?

तुम्ही विचारलंय की पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या डबक्यांत वायतुरा या पाणवनस्पतीची दाटी असते, मग धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ का. मी साताऱ्याचा. गेली पंधरा-सोळा वर्षं पावसाळ्यात इथले सडे, म्हणजे जांभ्या कातळाची उघडी पठारं, पायाखाली घालतोय, आणि पहिल्या दोन वर्षांत मलाही हाच प्रश्न पडला होता.

आधी यादीचं सांगतो. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, ‘एन्डेंजर्ड’ या वर्गात आहे. याच्या वर ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’, आणि त्यापुढे निसर्गातून नामशेष. एखाद्या डबक्यात किती तुरे आले यावर हा वर्ग ठरत नाही. वनस्पती एकूण किती जागेत उरलीय, ती जागा तुकड्या-तुकड्यांत विखुरलीय का आणि तिची अवस्था बिघडत चाललीय का, हे बघतात. विस्तार (म्हणजे ती आढळते त्या सगळ्या ठिकाणांना वेढणारा प्रदेश) ५,००० चौरस किलोमीटरच्या आत किंवा प्रत्यक्ष व्यापलेली जागा ५०० चौरस किलोमीटरच्या आत असेल आणि अधिवासाची घसरण चालू असेल, तर वनस्पती या वर्गात बसू शकते. वायतुरा उत्तर सह्याद्रीतल्या मोजक्याच सड्यांवर उगवतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. कासवरची दाटी खरी आहे, पण पुढच्या दहा सड्यांवर तो असेलच असं नाही.

त्याचं राहणीमान बघितलं की धोका नीट कळतो. जांभ्या कातळाच्या खळग्यात पावसाचं पाणी साचतं, तळाशी वीतभरसुद्धा माती नसते. त्या मातीत याचा कंद असतो. मृगाचा पाऊस झाला की पानं येतात, मग पाण्यावर फिकट गुलाबी तुरा, ज्याला दोन फाटे फुटतात. इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो म्हणून वायतुरा, असं कासवर सांगतात. पाऊस सरला की खळगा आटतो, कातळ तापतो, आणि कंद पुढच्या जूनपर्यंत तसाच पडून राहतो. उन्हाळ्यात तुम्ही त्याच जागी उभे राहिलात तर इथे काही जिवंत आहे असं वाटणारच नाही.

सगळी गोम इथेच आहे. सातबारावर किंवा नकाशावर ही जागा ‘पडीक’ दिसते. एका सड्यावर, नाव घेत नाही, माझं आवडतं डबकं होतं. दुसऱ्या वर्षी गेलो तर त्यावर मुरूम टाकून गाड्या लावायला जागा केलेली. हे काम कुणी उन्हाळ्यात केलं असणार, आणि त्याला तिथे कंद आहेत हे माहीतही नसणार. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मोठ्या प्रमाणात हेच बॉक्साइटच्या खाणींनी कोल्हापूरकडच्या सड्यांवर केलं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासोबत रस्ते आले. खोदलेला कातळ पुन्हा बसवता येत नाही, त्यामुळे खळगा गेला की गेला.

कायद्याचं विचाराल तर लाल यादी म्हणजे कायदा नव्हे, ही गल्लत खूप जण करतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सहाव्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित वनस्पतींच्या यादीत, कित्येक वर्षं जेमतेम सहा वनस्पती होत्या, त्यांत वायतुरा नव्हता. त्याला आधार मिळतो तो जागेमुळे. कास राखीव वनात आहे, २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात गेलं, आणि तिथे पर्यटकांवर मर्यादा आहे. ज्या सड्यांना असलं कुठलंच कवच नाही, तिथल्या डबक्यांची मला जास्त काळजी वाटते.

आणखी एक गोष्ट. पाण्यावर एकच, न फाटलेला तुरा दिसला तर तो बहुधा याचा भाऊबंद अपोनोजेटॉन नाटान्स असेल, तो देशात बऱ्याच ठिकाणी आहे. दोन फाट्यांचा तुरा कासबाहेर दिसला तर कंद उपटून घरच्या कुंडीत लावू नका. पानं, तुरा आणि आजूबाजूचा कातळ असे तीन फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवा. डबक्यात मात्र पाय टाकू नका, तळाची माती तेवढीच असते.