धावणाऱ्याच्या छातीतली फडफड
प्रश्न : वय ५२. रविवारी तीस किलोमीटर धावतो, नंतर बिअर. हल्ली रात्री आडवं पडलं की छातीत फडफडतं. धावणं सोडू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सोडू नका, पण अंगावरही काढू नका. स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या वासालोपेत स्की-शर्यतीच्या ५२,७५५ स्पर्धकांच्या पाहणीत, जास्त वेळा आणि वेगाने शर्यत पुरी करणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) अधिक दिसलं. वर्षानुवर्षांच्या ताणाने हृदयाचे वरचे कप्पे मोठे होतात. त्यात विश्रांतीत नाडी मंदावते, म्हणून रात्रीची फडफड. ती सुरू असतानाच मनगटाची नाडी बोटांनी पाहा : ठोके वेडेवाकडे पडतात का? दिवसा काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून होल्टर (दिवसरात्र अंगावर लावून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) लावून घ्या. तोवर शर्यती बंद, चालणं चालू. धावताना चक्कर आली तर थेट दवाखाना. बिअर मात्र (ओझरती लिहिलीत, तरी दिसली) आजपासून बंद.