प्रश्न तुमचे, गप्पा माझ्या : गोष्टीवाली घरात आणि क्विझची भांडणं

या महिन्यात पत्रं जवळजवळ नाहीतच, सगळं मेलवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. आणि निम्म्याहून जास्त प्रश्नांत कुठे ना कुठे क्विझ आहे, म्हणजे २०२०च्या लॉकडाऊनमधले पत्ते, पापड आणि केक करून झाल्यावर आता सगळा महाराष्ट्र एकमेकांना प्रश्न विचारत सुटलाय असं दिसतंय. नावं मुद्दाम छापत नाहीये, कारण काहींनी घरच्या माणसांबद्दल जे लिहिलंय ते छापून आलं तर पुढचा महिना त्यांना त्याच घरात काढायचाय.

कार्यक्रम तर सगळे बंद आहेत, मग कथाकथन करणारी बाई दिवसभर घरात करते तरी काय? गायकांसारखा रियाज असतो का तुमचा? (एक ताई, नाशिक)

करते काय म्हणजे, भांडी घासते. खरंच सांगतेय. मार्चपासून मावशींना सुट्टी दिल्यावर भांडी माझ्या वाट्याला आली आणि गोष्ट घोळवायला याच्याइतकी चांगली वेळ नाही हे कळलं, हात गुंतलेले, तोंड मोकळं, आणि नळाच्या आवाजावर आवाज चढवायचा म्हणजे आपोआप पोटातून बोलावं लागतं. रियाज असतो हो. सकाळी उठल्यावर थोडा वेळ कोणाशी बोलत नाही (घरचे याला रियाज न म्हणता शांतता म्हणतात), मग कोमट पाणी, थोडा ओंकार, आणि मग मोठ्यांदा वाचन. काय वाचायचं तर हाताला लागेल ते, पेपरमधली टेंडर नोटीससुद्धा. टेंडर नोटीस सासूबाईंनी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकली की समजायचं आज आवाज लागलाय.

पाठांतर मी करत नाही. गोष्टीचं पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं, मधली वळणं लक्षात, बाकी समोरचे लोक बघून. आता समोर लोक नाहीत हीच तर पंचाईत आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं मिळून गावोगाव कथाकथन करायचे, नुसती गोष्ट ऐकायला लोक हॉल भरून येतात ही सवय त्यांनी लावली आणि आमच्यासारखे आज त्याच पुण्याईवर खातोय. एप्रिल-मे म्हणजे आमचा सीझन, शिबिरं, वाचनालयं, महिला मंडळं. यंदा तो अख्खा गेला. ऑनलाइन कार्यक्रम मिळतात पण मानधनाचा विषय निघाला की समोरच्याचं नेटवर्क जातं. दुपारी डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत एकीत नवऱ्याची मीटिंग, दुसरीत मुलीची शाळा, म्हणून मी जिन्यात बसून नवीन गोष्टी लिहिते. वरच्या मजल्यावरचे आजोबा जाता-येता थांबतात, सध्या माझा हॉल तेवढाच.

मी चौथीला शिकवते. ऑनलाइन गोष्ट सांगायला बसले की पोरं कॅमेरा बंद करून गायब होतात, मला भिंतीशी बोलल्यासारखं होतं. तुम्ही काय करता? (शिक्षिका, बारामती)

गोष्टीला हुंकारा लागतो. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण "हं... हं" करायचो ना, तो थांबला की तिला कळायचं पोर झोपलं. ऑनलाइनमध्ये सगळ्यांना म्यूट केलं की तोच हुंकारा आपण कापून टाकतो. म्हणून मी एका मुलाला अनम्यूट ठेवते आणि त्याला सांगते आजचा हुंकारवाला तू, दर दोन वाक्यांनी हं म्हणायचं. पाच मिनिटांनी दुसरा. हं उशिराने येतो, नेटमुळे भलत्याच ठिकाणी येतो, राक्षस मेला की "हं" आणि सगळे हसतात, हसू दे, हसली म्हणजे आहेत तिथे. आणि गोष्ट लांबवू नका, प्रत्यक्ष वर्गात अर्धा तास चालते ती इथे दहा-बारा मिनिटांत गुंडाळा. कॅमेऱ्याच्या शेजारी एक टिकली चिकटवा आणि तिच्याकडे बघून बोला, नाहीतर आपण स्वतःचाच चेहरा बघत बसतो आणि मुलांना आपली नजर खाली दिसते.

चित्रं दाखवणार असाल तर एका वेळी एकच. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथीवाले हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत, एक चित्र समोर धरायचं, त्याचं गाऊन-सांगून झालं की ते बाजूला आणि मगच पुढचं. स्क्रीन शेअर करून तीस चित्रं भराभर सरकवणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

आमच्याकडे रोज रात्री जेवणानंतर क्विझ असते, मी क्विझमास्टर. पण नातवंडं खाली मोबाईल धरून गुगल करतात, मुलगा उत्तरावरून वाद घालतो आणि सौ. म्हणते तुमचे प्रश्न म्हणजे शाळेचा पेपर. काय चुकतंय? (निवृत्त काका, पुणे)

काका, राग मानू नका पण मी काकूंच्या बाजूने आहे. तुम्ही पाठवलेले सगळे प्रश्न "कोण, कधी, कुठे" एवढेच आहेत, ज्याला माहितीये तो पटकन सांगतो, ज्याला नाही तो गप्प, आणि दोघांनाही मजा नाही. प्रश्न म्हणजे शेवट लपवून ठेवलेली गोष्ट असायला हवी. म्हणजे बघा, "भारतातली पहिली प्रवासी रेल्वे कधी धावली?" असं विचारलंत तर १६ एप्रिल १८५३, एक मार्क, पुढे चला. त्याऐवजी असं विचारा: साहिब, सिंध आणि सुलतान अशी तिघांची नावं, मागे चौदा डबे, आत चारशे पाहुणे, निघताना एकवीस तोफांची सलामी, ही मंडळी दुपारी बोरीबंदरहून निघाली, तर तिघं कोण आणि वरात कुठे चालली? नातू म्हणेल हत्ती, सून म्हणेल घोडे, कोणीतरी म्हणेल इंजिनं, आणि मग ठाणे कळल्यावर एवढं सगळं करून फक्त ठाण्याला? असं म्हणून सगळे हसतील. त्यावरून तुम्ही पुढे सांगू शकता की पुढच्या वर्षी, १८५४ला, रेल्वे कल्याणपर्यंत आली. आम्हा डोंबिवलीकरांना तर २०२०मध्ये लोकलमध्ये पाय ठेवायला मिळत नव्हता (जूनपासून सुरू झाली होती पण फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांना) त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात फार हळवा.

गुगलचा इलाजही हाच. जो प्रश्न टाइप करायलाच वेळ लागतो, ज्यात काय शोधायचं तेच आधी कळावं लागतं, त्याला गुगल करता करता बाकीचे उत्तर देऊन मोकळे होतात.

टायमर मात्र काढून टाका. मला तो घरातल्या क्विझमध्ये अजिबात आवडत नाही. तीन जुलैला केबीसीला वीस वर्षं झाली ना, त्यात मजा कशाची होती आठवा, अमिताभ समोरच्याला बोलतं करायचा, गाव विचारायचा, उत्तर लॉक करायच्या आधी घोळवायचा. आपण उत्तरासाठी नाही, त्या ताणण्यासाठी बघत होतो. आपला हर्षवर्धन नवाथे २००० साली पहिला करोडपती झाला, त्याचा शेवटचा प्रश्न होता की संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी राज्यघटना यांपैकी कोणाला देते, आणि उत्तर होतं अ‍ॅटर्नी जनरल. किती जणांना हे आधी माहीत होतं? पण सगळा देश श्वास धरून बसला होता. अ‍ॅटर्नी जनरलला दोन्ही सभागृहांत बोलता येतं पण मत देता येत नाही, हे मला त्यानंतरच कळलं आणि आजतागायत विसरले नाही.

मुलाच्या वादाचं म्हणाल तर प्रश्नात साल घाला. "महाराष्ट्रात जिल्हे किती?" यावर भांडण होणारच, कारण १ मे १९६०ला २६ होते आणि २०१४ला पालघर झाल्यावर ३६ झाले, तुमच्या डोक्यात तुमच्या शाळेतला नकाशा आणि मुलाच्या डोक्यात त्याचा. दोघंही खरे, मार्क कोणाला?

तीन जूनला वादळ झालं, कित्येक दिवस लाइट नव्हते, रात्री टॉर्च लावून आम्ही कोडी-प्रश्न खेळायचो. मुलगा म्हणतो "निसर्ग" हे नाव भारतानेच दिलं असणार, दीर म्हणतात बांगलादेशने. पैज लागलीये. (एक वहिनी, दापोली तालुका)

पैज दीर जिंकले. निसर्ग हे नाव बांगलादेशचं. मुलाचा तर्क वाईट नाही, शब्द संस्कृत आहे पण तो बंगालीतही आहेच की. आपल्याकडच्या समुद्रातल्या वादळांची नावं तेरा देश मिळून ठरवतात, प्रत्येकाने तेरा नावं द्यायची, अशी १६९ नावांची नवी यादी एप्रिल २०२०मध्ये जाहीर झाली. मे महिन्यात बंगालकडे आलं ते अम्फान जुन्या यादीतलं शेवटचं नाव होतं, आणि नवीन यादी देशांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने सुरू होते म्हणून पहिला नंबर बांगलादेशचा. म्हणजे नव्या यादीचा नारळ आपल्या कोकणात फुटला. यादीत निसर्गनंतरचं नाव भारताचं आहे, गती. मुलाला सांगा त्यावर पैज लाव.

बागा गेल्या असतील तुमच्या. त्या टॉर्चच्या उजेडातल्या रात्रींबद्दल सविस्तर लिहून पाठवाल का? कोडी कुठली खेळलात तेही लिहा, मला हवीयेत.

मी दहा वर्षांचा आहे. विक्रम राजाला माहितीये की बोललं की वेताळ पळणार, मग तो दरवेळी उत्तर का देतो? गप्प बसायचं ना! (अकोला)

अरे बाबा, वेताळाने दोन्हीकडून अडकवलंय त्याला. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील ही अट आहे, आणि बोललास तर मी परत झाडावर. म्हणजे हुशार असण्याची शिक्षाच. पण शेवटच्या गोष्टीत काय होतं सांगू? एक बाप आणि मुलगा असतात, त्यांना वाटेत आई आणि मुलीच्या पावलांचे ठसे दिसतात. ठरतं असं की मोठ्या पावलांवालीशी बापाने लग्न करायचं आणि छोट्या पावलांवालीशी मुलाने. पण निघतं उलटं, मुलीची पावलं मोठी! मग बापाचं लग्न मुलीशी आणि मुलाचं तिच्या आईशी. आता वेताळ विचारतो, या दोन जोडप्यांना मुलं झाली तर ती एकमेकांची कोण लागणार? राजा डोकं खाजवतो आणि त्याला खरंच सांगता येत नाही, म्हणून तो गप्प. आणि वेताळ खूश होतो. कागद घेऊन बस आणि तू सोडवून बघ, बाबांना पण बसव. मी एकदा सोडवायला बसले होते, आत्या की नात की आजी तिथेच अडकले.

तुझ्या प्रश्नावरून मोठ्यांना एक सांगायचंय, वेताळ कधीच राजाला पाठांतर विचारत नाही. चौघांत जास्त दोषी कोण, जास्त त्याग कोणाचा, असं विचारतो. घरच्या क्विझमध्ये रोज असा एक प्रश्न ठेवा ज्याला एकच उत्तर नाही, आणि मार्क उत्तराला न देता कारणाला द्या.

लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा मुलांना मी लोणासुराची गोष्ट सांगितली, तर मोठी म्हणाली आई, ते सायन्स आहे. गोष्ट सांगायचीच नाही का मग? (बुलढाणा जिल्हा)

दोन्ही सांगा, पण सरमिसळ करू नका. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेलं ते विवर, जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तर खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आणि त्यांचं गुलाबी रंगद्रव्य निघालं. लोणासुर जमिनीखाली लपला आणि विष्णूने त्याला मारलं ही गोष्ट, आणि त्यासाठी गावात दैत्यसूदनाचं देऊळ उभं आहेच. मोठीला विचारा, उल्का पडताना कोणी बघितलं नव्हतं, मग एवढा मोठा खड्डा बघून जुन्या माणसाने काय कल्पना केली असेल? ती विचार करेल बघा.

आम्ही दुबईत. मुलांचं मराठी कामचलाऊ आहे, मराठी क्विझ घ्यायची म्हटलं की चेहरे पडतात. (एक आई)

क्विझ नका घेऊ, कोडी घाला, गोव्याकडे ज्याला हुमाणी म्हणतात ती. "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया." सूप म्हणजे काय, लाह्या म्हणजे काय हे आधी विचारतीलच, आजीला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि तिला सूप हातात धरून दाखवू दे. मग गच्चीत नेऊन वर बघायला सांगा, चंद्र-चांदण्या आपोआप सापडतील. "तीन पायांची तिपाई, वर बसला शिपाई" हे मात्र गॅसवाल्या घरात सुटत नाही, चूल दाखवावी लागते. आमच्या सासूबाईंकडे अशी कोडी किती आहेत देव जाणे, रोज भाजी निवडताना एक नवीन निघतं आणि उत्तर त्या भाजी निवडून होईपर्यंत देत नाहीत.

पुढच्या अंकापर्यंत खेळायला थोडे प्रश्न द्या ना, उत्तरांसकट. (बऱ्याच जणांचं)

घ्या. मराठीत ज्ञानपीठ आतापर्यंत किती जणांना, आणि सगळ्यात आधी कोणाला? चौघांना: खांडेकर १९७४, मग कुसुमाग्रज, विंदा आणि नेमाडे. राज्याच्या फुलाचं नाव सांगा म्हटलं की सगळे मोगरा म्हणतात, ते आहे ताम्हण. राज्यप्राणी वाघ नाही, शेकरू. आणि एक प्रश्न आताच लिहून ठेवा, पन्नास वर्षांनी कुठल्यातरी क्विझमध्ये येणारच: कुठल्या वर्षी माउलींच्या पादुका पायी वारीने न जाता पहिल्यांदा एसटीने पंढरपूरला गेल्या? तेव्हाच्या पोरांना चार पर्याय देतील, उत्तर आपलं २०२०.