वाचकांचे प्रश्न : म्हातारपणी टिशियनचा हात थकला होता का?

प्रश्न : नमस्कार, माझी मुलगी इथेच नाशिकला फाइन आर्ट्स करतेय. तिला टिशियन या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराची दोन चित्रं कंपेअर करायला दिलीयत, दोन्हीत शिपाई येशूच्या डोक्यावर काटेरी मुकुट दाबतायत, एक पॅरिसला आहे आणि एक म्युनिकला. पहिलं किती रेखीव आहे! दुसरं मला अर्धवट सोडल्यासारखं वाटलं, वयामुळे हात चालत नसेल का? लेक म्हणते दुसरंच भारी.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, मी तुमच्या लेकीच्या बाजूने. पण तुम्हाला खटकलं तेही उगाच नाही, म्युनिकचं चित्र पूर्ण झालं होतं की नाही यावर अभ्यासकांचंही एकमत नाहीये.

पॅरिसचं, म्हणजे लूव्र म्युझियममधलं चित्र १५४०-४२ च्या सुमाराचं, मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए चर्चसाठी लाकडी फळीवर केलेलं. त्यात सगळे पिळदार स्नायू, येशूचं अंग वेदनेनं पिळवटलेलं, आणि दारावर रोमन सम्राट तिबेरियसचा दगडी अर्धपुतळा, म्हणजे हा छळ कोणाच्या राज्यात चाललाय ते लगेच कळतं. म्युनिकचं साधारण १५७० नंतरचं, कॅनव्हासवर, तेव्हा टिशियन ऐंशीच्या घरात होता. मांडणी जवळजवळ तीच, पायऱ्या त्याच, वरून येणाऱ्या काठ्या त्याच, मग बदललं काय? तर सम्राट गेला आणि त्याच्या जागी टांगलेला पेटता दिवा आला. मला हा बदल सगळ्यात मोठा वाटतो, कारण आता वर सत्ता नाही, नुसता धुरकट उजेड आहे, आणि संध्याकाळी रामकुंडावर आरतीच्या वेळी समोरचा चेहरा जसा अर्धा दिसतो अर्धा अंधारात जातो तसे हे शिपाई दिसतात. येशू पण आता झगडत नाही, सोसतोय.

आता हाताचं. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वसारी १५६६ मध्ये व्हेनिसला टिशियनला भेटला होता, त्याने लिहून ठेवलंय की ही उतारवयातली चित्रं जवळून बघितली तर काही कळत नाही, लांबून मात्र परफेक्ट दिसतात, आणि लोकांना वाटतं झटपट केलीयत पण तसं नाही, पुन्हा पुन्हा रंग चढवलेला असतो, त्यामागे भरपूर मेहनत आहे. पाल्मा जोव्हाने या चित्रकाराची आठवण तर अजून भारी आहे, टिशियन कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून महिनोन्‌महिने ठेवायचा, मग पुन्हा काढून जणू जानी दुश्मनच आहे असा तपासायचा, आणि शेवटी शेवटी ब्रशपेक्षा बोटांनीच जास्त रंगवायचा. हात थकलेला माणूस एवढा खटाटोप कशाला करेल?

तरी पॅरिसच्या चित्राला कमी लेखू नका, तसा दगड आणि तसं अंग रंगवायला आयुष्य जातं लोकांचं, फक्त ते बघताना माझं लक्ष चित्रकाराच्या कसबाकडे जातं आणि म्युनिकचं बघताना येशूकडे.

लेकीला सांगा, मोबाइलवर नको, कॉलेजच्या मोठ्या स्क्रीनवर दोन्ही शेजारी लावून आधी नुसता दिव्याचा भाग झूम कर, तिथे ज्योती म्हणजे रंगाचे नुसते फटकारे दिसतील, मग खोलीच्या पार मागच्या भिंतीला टेकून तेच बघ. आणि जमलं तर व्हेनिसच्या अकादेमिया या कलासंग्रहालयातला टिशियनचा 'पिएता' (मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मेरी) पण घे, तो त्याने स्वतःच्या थडग्यासाठी काढायला घेतला होता, १५७६ च्या प्लेगच्या साथीत टिशियन गेला आणि चित्र पाल्माने पुरं केलं.