निकालाआधीच हॉस्टेलचं बोलून घे

व्हीलचेअर वापरतेस आणि कॉलेजला हॉस्टेल हवंय, तर बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नकोस गं, नंतर अॅडमिशनची नुसती पळापळ असते आणि तळमजल्याच्या खोल्या तोवर दुसऱ्या कुणाला देऊन झालेल्या असतात. ज्या दोन-तीन कॉलेजांचा विचार आहे तिथल्या रेक्टरना आणि समान संधी कक्ष (दिव्यांग वगैरे विद्यार्थ्यांच्या अडचणी बघणारा कॉलेजचा विभाग) असेल तर त्यांना पण आत्ताच ईमेल टाक, 'निकाल यायचाय पण मी व्हीलचेअर वापरते, तळमजल्यावर खोली आणि कमोडवालं बाथरूम लागेल', असं सरळ लिही, संकोच करू नकोस. फोनवर बोललीस तरी नंतर लेखी पाठवच, तोंडी 'हो बघू'ला काही अर्थ नसतो.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आजच अर्ज कर, तपासणीला वेळ जातो. ४०% किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजात किमान ५% जागा राखीव असतात, पण त्या प्रवेशाच्या, खोलीचं वेगळं मागावं लागतं.

आणि 'रॅम्प आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नको. खोलीचं दार एकवेळ बरं असतं, गाडी अडते ती बाथरूमला, तिथलं दार हमखास अरुंद. ९० सेंमी मोकळी जागा हवी, मोजायची टेप लावून फोटो पाठवा म्हणावं, उंबरा पण दिसला पाहिजे त्यात. मेस दुसऱ्या बिल्डिंगमध्ये असेल तर तिथल्या पायऱ्या विचार. मदतीला आई राहणार असेल तर तिच्या राहण्याची परवानगी पण त्याच ईमेलमध्ये मागून टाक, बऱ्याच हॉस्टेलात घरच्यांना रात्री राहू देत नाहीत.