रजिस्टरं वाढली, माणसं तेवढीच

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयात ‘कायाकल्प’ (सरकारी रुग्णालयांसाठीचा स्वच्छता पुरस्कार) आणि एनक्यूएएस (आरोग्यसेवेची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं) यांची तयारी सुरू झाल्यापासून ड्यूटी संपली तरी लिखाण संपत नाही. सुधारणेनंच आम्ही थकतोय का? – एक परिचारिका, बीड जिल्हा

उत्तर : ताई, तक्रार रास्त आहे. जुनं काम तसंच ठेवून वर नवं लादलं की थकवा येणारच. एकच रक्तदाब केसपेपरवर, रजिस्टरात आणि पुन्हा संगणकावर चढत असेल, तर आधी ते मोडा. एका पाळीत कोणता आकडा किती वेळा लिहिला ते टिपा आणि तो कागद घेऊनच वैद्यकीय अधीक्षकांसमोर बसा. नवा तक्ता हवा, तर जुना एक बंद. हे लेखी घ्या. कायद्यानं लागणाऱ्या नोंदींना मात्र हात लावू नका.

धावपळ वाचवणारे बदल पहिले करा : प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचं साहित्य एकाच ट्रेमध्ये, त्यावरचं औषध ऑक्सिटोसिन जवळच्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांवर. आधी एकाच वॉर्डात, एकच आठवडा करून पाहा. मग सिस्टर आणि मावशींना विचारा, वेळ वाचला का? नसेल तर सोडून द्या. रात्रपाळी उतरलेल्यांना बैठकीसाठी थांबवून ठेवणं तर साफ चूक.

सतत गळाल्यासारखं वाटणं, कामाचा तिटकारा, आपल्या हातून काही होत नाही ही भावना : जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये बर्नआउटची हीच लक्षणं मांडली. ती आठवडेच्या आठवडे टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे.